सहा म्हणजे शून्य

एर्झुरूममध्ये फेब्रुवारीत नळ गोठतात.
इन्क्युबेटर मात्र सदतीस अंशांवर,
मिटलेल्या तोंडाइतका उबदार.

अगारवर बोळा फिरवते
आडवा, उभा, मग तिरपा,
भाकरीला लोणी फासावं तसा, कड न सोडता.
स्टीलच्या नळीनं पाच भोकं पाडते,
प्रत्येक सहा मिलिमीटर.
एकात जुनं काच-सिमेंट,
एकात चांदीचे कण घातलेलं,
एकात नवं, ज्याला नाव नाही अजून, नुसतं क-७.
एकात क्लोरहेक्झिडीन. ते मारतंच, ते साक्षीला.
आणि एक रिकामं.
रिकाम्यावाचून काही सिद्ध होत नाही,
नेजला हानिम म्हणतात.

भोकं पाडणं आमच्या घरातलंच.
बाबा ताशहानच्या वरच्या मजल्यावर
ओल्तूचा काळा दगड कोरायचे, तसबीचे मणी.
नव्व्याण्णव मणी, नव्व्याण्णव भोकं.
एक वाकडं गेलं की गिऱ्हाईक देवाचं नाव चुकतं,
असं म्हणून स्वतःच हसायचे,
आणि डावीकडची किडकी दाढ दिसायची,
तीही ओल्तूचीच वाटावी अशी.

दिवसाला वीस पेले चहा.
साखर पेल्यात नाही,
खडा दातात धरायचा, त्यावरून चहा ओढायचा.
आमच्याकडे असाच पितात.
दाताच्या कण्या केल्या मी.
ते म्हणाले, एवढं शिकलीस ना,
मग साखर कशाला थांबवतेस? कीड थांबव.

म्हणून त्यांची लाळ घेतली.
सही घेतली, रीतसर.
नमुन्यावर नाव लिहायचं नसतं.
मी एक्केचाळीस लिहिलं.
अक्षर माझंच. ओळखू येतं.

नोव्हेंबरात गेले. दातांनी नव्हे, छातीनं.
जमीन इतकी कडक
की खड्ड्यालाच दुपार लागली.

परवा उणे ऐंशीतून कुपी काढली,
मुठीत धरून वितळवली.
असं करू नये. केलं.

डिश बरणीत रचायच्या,
वर मेणबत्ती पेटवायची, झाकण घट्ट.
ज्योत हवा खाते आणि विझते.
ह्या जिवांना तीच हवा लागते,
विझल्यानंतरची.
(यंत्र पुढच्या वर्षी येणार आहे.
पाच वर्षं ऐकते आहे.)

अठ्ठेचाळीस तास.
एकोणिसाच्या डिशमध्ये क-७ भोवती स्वच्छ खळं,
चंद्राला पडतं तसं. चौदा मिलिमीटर.
तेविसाला तेरा. तिसाला साडेबारा.
एक्केचाळिसाला कॅलिपर लावला: सहा.
पुसून पुन्हा लावला. सहा.
भोकच सहाचं.
साक्षीदारानं आपलं काम चोख केलेलं,
पण क-७ च्या पार ओठापर्यंत
ते दाट, पांढरट, चिकटून बसलेले.
कुणाचं ऐकतील तर शपथ.

मला हसू आलं.
मग खुर्ची ओढून बसावं लागलं.

नेजला हानिमनी चष्मा कपाळावर सारला,
डिश खिडकीशी धरली,
पलीकडे पालांदोकेनचा बर्फ.
हा हट्टी कोण?
एक्केचाळीस, मी म्हटलं.
तिसऱ्यांदा करून बघ, त्या म्हणाल्या,
आणि सिमेंट महिनाभर मुरलेलं घे.
ताजं असताना सगळेच शूर असतात.

वहीत सहा लिहिलं.
पेन्सिलीनं लिहावंसं वाटलं होतं,
पण शाईनंच लिहिलं.
डिश ऑटोक्लेव्हमध्ये: एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
तिथं हट्ट चालत नाही कुणाचा.

कुपीत दोनेक थेंब उरलेत.
प्रकल्प संपला की तेही जाळायचे, नियमात आहे.
कधी, ते नेमकं लिहिलेलं नाही.

खाली चहावाल्यानं पेला पुढे केला,
बशीत साखरेचे दोन खडे.
एक डाव्या दाढेखाली धरला.
फुटेना लवकर.